जुने फोटो ओळखायचे आणि जमवायचे कसे: चेहरा नंतर, वस्तू आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या सामानात फोटोंची एक पेटी हाती लागली. तिच्यात बिजागरीची एक छोटी डबी आहे आणि डबीतला चेहरा जरा तिरका धरला की नाहीसा होतो. दोन-तीन फोटो काळ्या पत्र्यावर आहेत, बरेचसे पुठ्ठ्यावर डकवलेले आहेत, एक जुना अल्बम आहे आणि तळाशी निगेटिव्हची पाकिटं आहेत. यांचं वय कसं ठरवायचं, अस्सल-नक्कल कशी ओळखायची, जपायचं कसं, आणि आता गोडी लागलीच आहे तर संग्रहाला सुरुवात कुठून करायची?

या नादात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार. पण गाभा एवढाच आहे: फोटोत कोण आहे हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी तो कशावर आहे, कसा बनवलाय आणि कशात बसवलाय ते बघायचं. चेहऱ्यावरून आपण वाटेल ते ठरवतो आणि विकणारा त्यात आपल्या पदरचं घालतो. धातू, काच, कागद आणि पुठ्ठा मात्र तपासता येतात.

डबीपासूनच सुरू करतो. तिरकं धरलं की चेहरा जाऊन आरसा उरतो, म्हणजे तो जवळजवळ नक्की डॅगेरोटाइप आहे. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पातळ थर असायचा. तो आरशासारखा लखलखेपर्यंत घासायचा, आयोडिनच्या वाफेवर धरून प्रकाशाला संवेदनशील करायचा, कॅमेऱ्यात घालायचा आणि मग तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं. जिथे प्रकाश पडला तिथे चांदी आणि पाऱ्याचे अतिसूक्ष्म कण जमतात आणि ते प्रकाश चहूकडे उधळतात, म्हणून तो भाग पांढरा दिसतो. बाकीची चांदी नुसती आरसा असते. आता एक करून बघा. खिडकीकडे तोंड करून बसा, डबी हातात धरा आणि स्वतःच्या छातीसमोर काळं कापड घ्या. आरशात काळं कापड दिसेल अशा कोनात पत्रा आणलात की सावल्या गडद होतील आणि चेहरा एकदम वर येईल, पापणीचे केससुद्धा मोजता येतील इतका स्पष्ट. कापड काढून समोर पांढरी भिंत आणली की तेच चित्र निगेटिव्हसारखं उलटं दिसेल. एकच पत्रा दोन्ही दाखवतो, आणि त्याची छापील नक्कल करणाऱ्याला हे काही केल्या जमत नाही.

यामागचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण वय ठरवताना तो उपयोगी पडतो. टिकून राहिलेला सगळ्यात जुना कॅमेऱ्यातला फोटो निसेफोर नीएप्सचा, १८२६-२७ च्या सुमाराचा. कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराचा थर देऊन खिडकीतून दिसणारी छपरं त्याने टिपली होती. हा पत्रा आज टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहे. नीएप्सने १८२९ मध्ये लुई डागेरशी भागीदारी केली आणि १८३३ मध्ये तो वारला. डागेरने पद्धत पार बदलून टाकली. ७ जानेवारी १८३९ रोजी शास्त्रज्ञ फ्रांस्वा अरागोने पॅरिसच्या विज्ञान अकादमीत तिची घोषणा केली आणि १९ ऑगस्टला सगळी कृती जाहीर झाली. फ्रेंच सरकारने त्याबदल्यात डागेरला वर्षाला ६,००० फ्रँक आणि नीएप्सच्या मुलाला ४,००० फ्रँक पेन्शन बांधून दिलं. म्हणजे शोध जगाला खुला, फक्त इंग्लंड सोडून, कारण तिथलं पेटंट डागेरने घोषणेच्या पाच दिवस आधी गुपचूप नोंदवलं होतं. ही चलाखी मला कायम गमतीची वाटत आलीय.

पहिल्या वर्षी एका फोटोला बराच वेळ लागायचा. डागेरने १८३८ मध्ये काढलेल्या पॅरिसच्या वर्दळीच्या रस्त्याच्या फोटोत गाड्या नाहीत, घोडे नाहीत, गर्दी नाही. एका कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस तेवढा दिसतो, कारण तेवढाच एका जागी उभा राहिला होता. १८४० मध्ये योझेफ पेट्झवालने खूप जास्त प्रकाश आत घेणारं भिंग तयार केलं, आयोडिनच्या जोडीला ब्रोमिन आलं आणि वेळ मिनिटाच्या आत आला. तेव्हा कुठे माणसांचे फोटो हा धंदा झाला. त्यामुळे कुणी तुम्हाला १८३९ चं व्यक्तिचित्र म्हणून काही दाखवलं तर ऐकून घ्या आणि खिसा बंद ठेवा. त्या वर्षाची व्यक्तिचित्रं इतकी दुर्मीळ आहेत की फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसने स्वतःचा काढलेला फोटो आजही नावानिशी सांगितला जातो. तुमची डबी बहुधा १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धातली किंवा १८५० च्या दशकातली असेल. काचेच्या कडेला पितळेची पातळ, नक्षीदार पट्टी दुमडलेली आहे का बघा. अमेरिकन डब्यांत ही पट्टी १८४७ च्या आसपास दिसू लागते. साधी, जाड, अष्टकोनी चौकट आणि पट्टी नाही, तर तारीख त्याआधीची असण्याची शक्यता वाढते. पण डब्या आणि चौकटी नंतरच्या लोकांनी अदलाबदल केलेल्या असतात, म्हणून एकट्या डबीवर विसंबून चालत नाही.

आणि एक ताकीद. ती काच आतून धुरकट दिसत असेल, कडेने निळी-तपकिरी वलयं आली असतील, तरी पत्र्याला हात लावू नका. कापूस नाही, मऊ ब्रश नाही, चांदीचं पॉलिश तर अजिबात नाही. चित्र म्हणजे वर बसलेली भुकटी आहे, बोटाच्या एका फटकाऱ्यात चेहरा पुसला जातो आणि तो परत आणायची सोय नाही. पूर्वी संग्रहालयांतसुद्धा थायोयुरियाच्या द्रावणात पत्रे धुवायची पद्धत होती. त्यातल्या अनेकांवर पुढे काळपट डाग उठले आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. पत्रा आणि काच यांना कडेने बांधणारी जुनी कागदी पट्टी शाबूत असेल तर ती फोडणं म्हणजे वस्तूची साक्षच फोडणं. काच घाम आल्यासारखी थेंबाळलेली असेल तर काम फोटो-संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडे द्या.

डबी असली म्हणजे आत डॅगेरोटाइपच असतो असं नाही. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत जाहीर केली. बंदुकीच्या कापसाचं (नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या, भडकन पेटणाऱ्या कापसाचं) ईथर आणि अल्कोहोलमधलं चिकट द्रावण काचेवर ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं आणि काच ओली आहे तोवरच फोटो काढून धुवायचा. हाताशी वेळ दहा-पंधरा मिनिटं, म्हणून इंग्रज छायाचित्रकार रॉजर फेंटनने १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर जाताना सगळी अंधारखोली घोडागाडीत घालून नेली. आर्चरने पेटंट घेतलं नाही, सगळ्या जगाने त्याची पद्धत वापरून पैसा केला आणि तो १८५७ मध्ये हलाखीत वारला. त्याच्या पद्धतीने काचेवर फिकट निगेटिव्ह काढून मागे काळं कापड किंवा रोगण दिलं की ते पॉझिटिव्ह दिसतं, तो अॅम्ब्रोटाइप. काचेऐवजी काळं रोगण दिलेला लोखंडी पत्रा घेतला की टिनटाइप. अॅम्ब्रोटाइपला आरशाची चमक नसते, उजळ भाग मलईसारखा राखाडी असतो आणि मागचं रोगण सुटलं असेल तर तिथून आरपार दिसतं. पत्र्याचा संशय असेल तर छोटं लोहचुंबक काचेच्या बाहेरून हलकेच जवळ न्या, ओढ जाणवते. तुमच्या डबीबाहेरच्या काळ्या पत्र्यांना तर काचेचाही अडसर नाही.

अॅम्ब्रोटाइपचा बहर फार थोडा टिकला, साधारण १८५५ ते १८६० च्या दशकाची सुरुवात. टिनटाइपचं तसं नाही. अमेरिकेत १८५६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं आणि जत्रांतले फोटोवाले विसाव्या शतकातही तो काढत होते. म्हणून टिनटाइप म्हणजे शंभर वर्षांपलीकडचा आणि दुर्मीळ, असं समीकरण मांडू नका. हे असंख्य निघाले आहेत.

पत्र्यावरच्या आणि काचेवरच्या या फोटोंना निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात होता तोच तुकडा तुमच्या हातात आहे, म्हणून डॅगेरोटाइप आणि टिनटाइप बहुतेक वेळा डावं-उजवं उलटलेले असतात. बटणं चुकीच्या बाजूला, अंगठी दुसऱ्या हातात. बिली द किड हा अमेरिकेतला कुप्रसिद्ध बंदूकबाज डावखुरा होता असं लोक कित्येक दशकं छातीठोकपणे सांगत आले, कारण त्याच्या टिनटाइपमध्ये पिस्तूल डाव्या बाजूला लटकतंय. मग कुणीतरी त्याच्या हातातल्या १८७३ च्या विंचेस्टर रायफलीकडे नीट पाहिलं. गोळ्या भरायची झडप या रायफलीला उजवीकडे असते आणि फोटोत ती डावीकडे आहे. फोटोच उलटा होता. सगळ्यांनी चेहरा पाहिला, रायफल कुणी पाहिली नाही.

आता कागदाकडे. डागेरचा गाजावाजा चालू असतानाच इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट कागदावर निगेटिव्ह काढत होता. त्याची लॅकॉक अॅबीतल्या जाळीदार खिडकीची ऑगस्ट १८३५ ची निगेटिव्ह अजून शिल्लक आहे, टपाल तिकिटापेक्षा जरा मोठी. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती, ही आजच्या छायाचित्रणाची कल्पना टॅल्बटची आहे. पण त्याने १८४१ मध्ये आपल्या कॅलोटाइपचं, म्हणजे या कागदी निगेटिव्हच्या पद्धतीचं, पेटंट घेतलं आणि इंग्लंडात त्याचा प्रसार रखडला. स्कॉटलंडला ते पेटंट लागू नव्हतं, म्हणून एडिंबरात हिल आणि अॅडम्सन या जोडीने १८४३ पासून चार-पाच वर्षांत त्या काळातले सगळ्यात देखणे कागदी फोटो काढून ठेवले. शास्त्रज्ञ जॉन हर्शेलची या सगळ्याला मोठी मदत झाली. चित्र पक्कं करणाऱ्या हायपोचा गुण त्याने १८१९ मध्येच ओळखला होता, आणि १८४२ मध्ये निळा सायनोटाइपही त्यानेच दिला.

तुमच्या पुठ्ठ्यावरच्या फोटोंसाठी दहापट ते तीसपट मोठं दाखवणारं एक चांगलं भिंग घ्या. फोटोच्या उजळ भागाकडे, बाजूने येणाऱ्या प्रकाशात बघा आणि एकच प्रश्न विचारा: कागदाचे तंतू दिसतात का? तंतू स्वच्छ दिसतात आणि चित्र त्यांच्या आतच मुरलंय, वर झिलई नाही, तर तो मिठाच्या कागदावरचा प्रिंट, सायनोटाइप किंवा प्लॅटिनम. तंतू दिसतात पण वरून चकचकीत पातळ थर आहे, तर तो अल्ब्युमेन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद. तंतू अजिबात दिसत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत, तर कागद आणि चित्र यांच्यामध्ये बॅरायटाचा, म्हणजे बेरियम सल्फेटच्या पांढऱ्या भुकटीचा, थर आहे. मग तो जिलेटिनचा किंवा कोलोडियनचा कागद, आणि काळ साधारण १८८५ नंतरचा. या एका तपासणीने पेटीतले निम्म्याहून जास्त वाद मिटतात.

पुठ्ठ्यावरचे बहुतेक अल्ब्युमेन निघतील. लुई-देझिरे ब्लांकार-एव्रारने तो १८५० मध्ये जाहीर केला आणि पुढची चाळीस वर्षं त्याचंच राज्य होतं. कागद फार पातळ, सुटा ठेवला की गुंडाळी होते, म्हणून पुठ्ठ्यावर डकवायची पद्धत पडली. जुन्या प्रिंटचा उजळ भाग पिवळा पडतो आणि भिंगाखाली बारीक भेगांचं जाळं दिसतं. सावल्या जांभळट-तपकिरी असतात, त्या सोन्याच्या टोनिंगमुळे, म्हणजे प्रिंट सोन्याच्या क्षाराच्या द्रावणातून काढल्यामुळे. याउलट जिलेटिन प्रिंटमध्ये गडद भागांवर, विशेषतः कडेला, निळसर चंदेरी तवंग येतो. लोक तो घाण समजून पुसायला जातात. ती वर आलेली चांदीच आहे, आणि खरं तर ती वयाची बऱ्यापैकी विश्वासू खूण आहे. प्लॅटिनम प्रिंट १८७३ च्या विल्यम विलिसच्या पेटंटपासून सुरू होतो. तो फिका पडत नाही, पण समोरच्या कागदावर आपली पिवळट सावली उमटवून ठेवतो. अल्बमच्या समोरच्या पानावर चेहऱ्याचा ठसा दिसला तर खूश व्हा.

पुठ्ठ्याचं माप पट्टीने मोजा. साधारण ६४ बाय १०० मिलिमीटर असेल तर ते कार्ट द व्हिजीत. आंद्रे दिस्देरीने १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर आठ छोट्या प्रतिमा, मग कापून आठ कार्डं, त्यामुळे फोटो एकदम स्वस्त झाला. फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा युद्धावर निघालेलं सैन्य थांबवून त्याच्या स्टुडिओत शिरला आणि तिथून हे वेड पसरलं, ही गोष्ट तुम्ही वाचाल. रंगतदार आहे, पण तिला समकालीन पुरावा नाही. साधारण १०८ बाय १६५ मिलिमीटर असेल तर कॅबिनेट कार्ड, म्हणजे १८६६ नंतरचं. पुठ्ठा पातळ आणि कोपरे काटकोनी असतील तर १८६० चं दशक, गोल कोपरे त्यानंतरचे, जाड पुठ्ठा आणि तिरप्या सोनेरी कडा १८८० च्या आसपासच्या, नागमोडी कातरलेल्या कडा बहुतेक १८९० च्या दशकातल्या. हे सगळं अंदाजाचं आहे. आडगावच्या फोटोवाल्याकडे जुने पुठ्ठे दहा-दहा वर्षं पडून असायचे.

मग कार्ड उलटा. मला पाठच जास्त आवडते हे कबूल करतो. स्टुडिओचं नाव आणि पत्ता असेल तर त्या शहराच्या जुन्या व्यापारी यादीत तो किती साली त्या पत्त्यावर होता ते सापडतं. प्रदर्शनातली पदकं छापलेली असतील तर सगळ्यात शेवटच्या पदकाचं वर्ष पाहा. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनाचं पदक मिरवणारं कार्ड १८७८ च्या आधीचं असूच शकत नाही. अमेरिकन कार्डावर महसुली तिकीट डकवलेलं असेल तर तुमचं नशीब, कारण फोटोवरचा तो कर १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच होता.

एक उदाहरण जवळून दाखवतो. माझ्या संग्रहात एका बाईचं कार्ट द व्हिजीत आहे. पुठ्ठा पातळ, कोपरे काटकोनी, पाठीवर स्टुडिओचं नाव दोन ओळींत, म्हणजे सरळ १८६० चं दशक. पण बाईंचा पेहराव आणि मधोमध भांग पाडून कानांवरून खाली घेतलेले केस वीसेक वर्षं आधीचे. म्हातारी माणसं तरुणपणीची फॅशन सोडत नाहीत हे खरं, पण या बाई तिशीच्याही नाहीत. भिंग लावलं. चित्राचे कोपरे जरासे गोल कापल्यासारखे आणि भोवती एक अस्पष्ट कडा, सावल्यांत तपशील बुजलेला, गालावर एक तिरका, खूप बारीक ओरखड्यांचा पट्टा. ते ओरखडे चांदी घासल्याचे होते. बाईंचा डॅगेरोटाइप कुणीतरी वीस वर्षांनी स्टुडिओत नेला आणि नातेवाइकांना वाटायला त्याच्या कागदी प्रती काढून घेतल्या. मूळ पत्रा कुठे गेला कोण जाणे. कार्ड १८६० च्या दशकातलं, चेहरा १८४० च्या दशकातला, आणि दोन्ही तारखा खऱ्या. अशा प्रतींची प्रत बाजारात कमी समजली जाते, पण मला हे कार्ड मुळीच कमी वाटत नाही.

रंगांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळची रसायनं निळ्या प्रकाशालाच भुलायची, लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळी होती. म्हणून निळे डोळे पांढुरके, भुताटकीचे दिसतात, चेहऱ्यावरचे तपकिरी ठिपके काळे उठतात, पिवळा पोशाख काळा दिसतो आणि आकाश कोरं राहतं. १८५० च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रेने समुद्राच्या काही फोटोंत ढगांची निगेटिव्ह वेगळी आणि पाण्याची वेगळी जोडून छापली, ती याचमुळे. काळ्या पोशाखावरून कुणाला विधवा ठरवण्याआधी हे आठवा.

विकणाऱ्यांच्या कथांत सगळ्यात जास्त खपतो तो मृतांचा फोटो. मेलेल्या माणसांचे फोटो काढत असत, हे खरं. पण ते बहुतेक झोपवलेले, पांघरूण घातलेले, फुलं वाहिलेले असतात. उभ्या माणसाच्या पायांमागे लोखंडी स्टँडचा पाया दिसतो म्हणून तो मेलेला, हे साफ चूक आहे. तो स्टँड जिवंत माणसाची मान काही सेकंद स्थिर राहावी म्हणून असायचा, मृतदेहाचं वजन त्याला पेलवलंच नसतं. डोळे मिटलेलं किंवा दचकल्यासारखं मूल बहुधा फक्त हललेलं असतं. मुलाला मागून धरणारी, अंगावर कापड घेऊन लपलेली आई मात्र खरोखर पुष्कळ फोटोंत सापडते. कापडाखाली गुडघ्याचा आकार शोधा. तसंच, लोक हसत नाहीत ते कॅमेऱ्याच्या संथपणामुळे, हेही अर्धवट खरं आहे. १८६० नंतर काही सेकंद पुरेसे होते, तरी हसत नाहीत, कारण फोटो म्हणजे प्रतिष्ठेचं काम होतं.

नकलांविषयी. भिंगाखाली ओळीत मांडलेले ठिपके दिसले की ती छपाई आहे, पुस्तकातलं पान कापून पुठ्ठ्यावर डकवलेलं. एवढी एक गोष्ट तपासली तरी अर्धे गल्लाभरू टळतात. ठिपके नाहीत म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका, वुडबरीटाइपसारख्या जुन्या छपाईत ठिपके नसतातच, पण तो स्वतःच जमवण्याजोगा प्रकार आहे. दुसरी चाचणी अतिनील दिव्याची. फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं १९५० च्या दशकापासून येऊ लागली आणि ती अतिनील प्रकाशात निळसर-पांढरी चमकतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन छायाचित्रकार लुईस हाइनच्या नावावर, त्याच्या सहीशिक्क्यासह विकले गेलेले प्रिंट याच चाचणीत पकडले गेले. हाइन १९४० मध्ये वारला आणि कागद त्यानंतरचा. उलट दिशेने मात्र ही चाचणी चालत नाही: कागद चमकला नाही म्हणून तो जुना असं सिद्ध होत नाही. आणि टिनटाइप-अॅम्ब्रोटाइपच्या बाबतीत ती काही कामाची नाही, कारण आजही हौशी कलावंत हुबेहूब जुन्या पद्धतीने काम करतात. बहुतेक जण प्रामाणिकपणे तारीख घालतात, पण प्लेट दोन हात फिरली की तारीख गळून पडते. तिथे पोशाखाची शिवण, दातांची अवस्था, मनगटावरचा घड्याळाचा पांढरा पट्टा असल्या गोष्टी बघाव्या लागतात. प्रसिद्ध व्यक्तीशी नाक जुळतं म्हणून भाव सांगणाऱ्याकडे मात्र पाठ फिरवा. फोटो कुणाकडून कुणाकडे आला ही साखळी नसेल तर नाक ते नाकच.

जपणुकीत फार पांडित्य नाही. थंड, कोरडी, अंधारी जागा, आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आणि मुख्य म्हणजे सतत वर-खाली न होणारी. माळा आणि तळघर दोन्ही वाईट. प्रत्येक फोटो वेगळ्या पाकिटात, पॉलिएस्टरच्या पारदर्शक किंवा फोटोसाठी तपासलेल्या कागदाच्या. पीव्हीसीचं प्लास्टिक नको आणि चिकट पानांचे अल्बम तर शत्रूलाही देऊ नका. सायनोटाइपला अल्कधर्मी कागद चालत नाही, निळा रंग उडतो. लिहायचं असेल तर पाकिटावर, मऊ पेन्सिलीने, फोटो आत घालण्याआधी. वाकलेलं कार्ड दाबून सरळ करायला जाऊ नका, अल्ब्युमेन तडकतो. टिनटाइपला पाणी नको, कडेने गंजतो आणि रोगणाचे पोपडे निघतात. अॅम्ब्रोटाइपवरचं वार्निश बहुधा सँडरॅक राळ आणि लव्हेंडर तेलाचं, अल्कोहोल लागलं की विरघळतं. स्कॅनरवर कार्डं ठेवलीत तर चालेल, डबी नको. डबीचा फोटो काढायचा तर काळ्या पुठ्ठ्याला लेन्सपुरतं भोक पाडा आणि त्यातून काढा, म्हणजे आरशात तुम्ही दिसणार नाही.

संग्रह कशाचा करावा यावर माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या नावांच्या मागे लागू नका. नादार, ज्युलिया मार्गारेट कॅमरॉन अशा एकोणिसाव्या शतकातल्या नामवंत छायाचित्रकारांचे अस्सल प्रिंट संग्रहालयांच्या स्पर्धेत घेणं आपलं काम नाही, आणि त्यांच्या नावाने स्वस्तात मिळतं ते बहुधा पुनर्मुद्रण असतं. एक धागा धरा. एकाच स्टुडिओची सगळी कार्डं, किंवा अवजारं हातात घेऊन बसलेले कारागीर, किंवा फक्त एक पद्धत, किंवा स्टिरिओ कार्डं, म्हणजे एकाच दृश्याची दोन चित्रं शेजारी डकवलेली कार्डं. स्टिरिओ कार्डांचा फायदा असा की पाठीवर बहुतेक वेळा मजकूर असतो, आणि ती दोन चित्रं स्टिरिओस्कोपमध्ये, म्हणजे दोन भिंगांच्या उपकरणात, घालून पाहिली की अंगावर येणारी खोली अजूनही दाद घेते. धागा धरला की डोळा लवकर तयार होतो, कारण सारख्याच वस्तू शेजारी ठेवून फरक दिसतात. फाटकी, फिकी कार्डं स्वस्तात घ्या आणि त्यांच्यावर भिंगाचा सराव करा. चांगली वस्तू घेताना आधी हे ठरलेलं असू दे की ती कुठल्या पद्धतीची आहे.

तुमच्या पेटीतल्या अल्बमची पानं मात्र फोडू नका. सुट्या कार्डांना कदाचित जास्त पैसे येतील, म्हणून विकणारे फोडतात. पण कोण कुणाशेजारी लावलंय, पहिल्या पानावर कोण, कुठली जागा रिकामी, यावरूनच नावं नसलेल्या माणसांची नाती लागतात. आधी प्रत्येक पानाचा, पाठ-पोटासकट, फोटो काढून ठेवा, मग काय ते बघा.

राहिली निगेटिव्हची पाकिटं. हे काम आजच करा. काचेच्या असतील तर त्या एकावर एक रचू नका, लांब कडेवर उभ्या ठेवा. लवचीक फिल्म असेल आणि पिवळट पडलेली, चिकट झालेली किंवा नाकाला झोंबणारा तीव्र वास येणारी असेल, तर ती नायट्रेटची असू शकते. १८८९ पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही फिल्म वापरात होती, ती भडकन पेटते आणि तिच्यातून निघणारा वायू शेजारच्या प्रिंटनाही खातो. खात्री करायला कोपरा पेटवून बघण्याचा जुना सल्ला कुणी दिला तर मनावर घेऊ नका. ती पाकिटं पेटीतून काढा, हवा खेळती राहील अशा कागदी वेष्टनात, उष्णतेपासून दूर, बाकीच्या फोटोंपासून वेगळी ठेवा आणि जवळच्या अभिलेखागाराला फोन करून विचारा की ते अशी फिल्म तपासून घेतात का.